२००१ ची मियाटा आणि रस्त्यावर चालणारे कॉइलओव्हर : प्रकल्प नोंदी

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवार. नोव्हाय, मिशिगन

गाडी: २००१ ची माझदा मियाटा, दुसऱ्या पिढीतली. १.८ लिटर इंजिन, पाच गिअर, वजन साधारण १०८० किलो, व्हीलबेस २२६५ मिलिमीटर, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन लोखंडी हात). १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली मियाटा लोकांसमोर आली, तेव्हापासून या गाडीचं नाव झालं ते तिच्या वळण घेण्यावर. ताकद फारशी नाही, पण स्टिअरिंग हातात घेतलं की रस्ता तळहाताला कळतो.

माझ्या गाडीत ते सुख सध्या अर्धंच आहे. आधीच्या मालकाने गाडी बसकी करायला आखूड स्प्रिंगा घातल्यात, शॉकअप मात्र जुनेच, बहुधा कंपनीतून आलेले. पुढच्या डाव्या शॉकच्या अंगावरून तेल ओघळलंय. आय-२७५ हायवेवर काँक्रीटचे जोड लागले की प्रत्येक जोडाला पाठीत दणका बसतो. हाइन्स ड्राइव्हच्या वळणांवर मधेच खड्डा आला तर गाडी बाजूला उडी मारते, आणि हे धोक्याचं आहे.

परवा खंडेनवमी. पान्हे, सॉकेट, टॉर्क रेंच पुसून पूजेसाठी काढून ठेवलेत. या हिवाळ्यात कॉइलओव्हर (उंची लावता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) बसवून सस्पेन्शनचा निकाल लावायचा असं ठरवलं.

आधी अटी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पाय घसरायला नको. गाडी ट्रॅकवर जाणार नाही. रविवारी सकाळी ह्युरॉन रिव्हर ड्राइव्ह, अधूनमधून ऑफिस, आणि उन्हाळ्यात वर उत्तरेला एम-११९ हा वळणांचा रस्ता. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा बायको असते आणि तिची कंबर नाजूक आहे. सामानाचा खर्च साडेबाराशे डॉलरच्या आत, अलाइनमेंट वेगळं.

२८ ऑक्टोबर २०२३, शनिवार

विकत काही घ्यायच्या आधी नक्की काय बिघडलंय ते मोजलं. पुढचं चाक काढलं. शॉकवरचं धुळीचं रबर फाटून खाली गोळा झालेलं, त्यामुळे दांडी स्पष्ट दिसत होती. दांडीला एक बारीक झिप-टाय आवळून बांधला, खाली सरकवून शॉकच्या अंगाला टेकवला, चाक लावलं आणि कॉलनीत एक फेरी मारली. शॉक जितका दबतो तितका टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. फुकटात मिळणारं इतकं खरं माप दुसरं नाही.

टाय थेट बंप स्टॉपला (शॉक शेवटपर्यंत दबू न देणाऱ्या फोमच्या ठोकळ्याला) जाऊन चिकटला होता, आणि स्टॉपवर चेपल्याच्या ताज्या खुणा. स्पीडब्रेकर नाही, खड्डा नाही, साध्या गल्लीत. मग गाडी सपाट जमिनीवर उभी करून, खाली आडवा होऊन टॉर्चच्या उजेडात बघितलं: गाडी उभी असताना शॉकचं अंग आणि बंप स्टॉप यांच्यात मोकळी जागा जेमतेम ८ मिलिमीटर.

म्हणजे ही गाडी स्प्रिंगवर चालतच नाहीये. जराशा उंचवट्यावर ८ मिलिमीटर संपतात आणि पुढचं सगळं काम बंप स्टॉपचा फोम करतो. तो जसा दबतो तसा झपाट्याने कडक होतो, म्हणून दणका. सगळे म्हणतात "लोअर केलेली गाडी कडक असतेच." या गाडीच्या स्प्रिंगा खरं तर फार कडक नाहीत, चाकाला वर जायला जागाच नाही.

हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप पुढे ३१० मिलिमीटर, मागे ३१५. टायर बदलला तरी हे माप बदलत नाही, म्हणून उंचीची तुलना यानेच करायची.

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार

दिवाळीची गडबड, तरी संध्याकाळी तासभर पर्याय मांडून बसलो.

मियाटात कंपनीपासूनच स्प्रिंग शॉकच्या भोवती बसलेली असते, त्या अर्थाने ती जन्मजात कॉइलओव्हर आहे. बाजारात त्या नावाखाली आपण जास्तीचे पैसे मोजतो ते तीन गोष्टींसाठी: आटे पाडलेलं खालचं आसन, म्हणजे उंची हवी तशी लावता येते, अडीच इंच व्यासाची सरळ स्प्रिंग, जी कुठल्याही ताकदीची मिळते, आणि त्या स्प्रिंगला शोभेल असा डॅम्पर, म्हणजे शॉक. पहिल्या दोन गोष्टी स्वस्त आहेत. महाग असतो तो डॅम्पर, आणि स्वस्त किटमध्ये काटछाट होते ती तिथेच.

चाकणला शॉकअपच्या कारखान्यात काही वर्षं टेस्टिंगला होतो. तिथे शॉक मशीनला लावून दांडीचा वेग आणि त्याला होणारा विरोध यांचा आलेख काढायचो. सेकंदाला ०.१ मीटरच्या आतला वेग म्हणजे गाडीचं अंग हलतंय: वळणावर कलणं, ब्रेकवर नाक दाबणं. त्याच्या बऱ्याच वर गेलं की खड्डे आणि जोड. चांगला डॅम्पर कमी वेगाला घट्ट असतो आणि जास्त वेगाला मोकळं सोडतो. वाईट डॅम्पर एकतर दोन्हीकडे ढिला, नाहीतर दोन्हीकडे दगड. विक्रेत्याकडे हा आलेख मागायचा. तो मिळत नसेल तर जाहिरातीतल्या "३२ क्लिक" (विरोध बदलायच्या ३२ पायऱ्या) या शब्दाला काही अर्थ राहत नाही. एक क्लिक फिरवल्यावर नक्की काय बदलतं हे कुणी दाखवलं तरच त्या क्लिकचा उपयोग.

बजेटच्या आसपास दिसलेले पर्याय:

टेन फ्लेक्स झी. जपानी, योकोहामाची १९८५ पासूनची कंपनी. ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) डॅम्पर, १६ पायऱ्या, हजार डॉलरच्या अलीकडे. सीलबंद आहे, खोलून दुरुस्त होत नाही, खराब झाला तर तेवढा एक नवा आणायचा. खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, म्हणून उंची बदलली तरी शॉकची चाल (दबायची-उघडायची जागा) कमी होत नाही. ही फार मोलाची गोष्ट आहे.

बीसी रेसिंग बीआर. तैवानचा. मोनोट्यूब (एकाच नळीचा), ३० पायऱ्या, हजार-बाराशेच्या घरात. हाही खालून उंची बदलणारा. ऑर्डर देताना स्प्रिंगची ताकद आपण सांगू शकतो आणि नंतर खोलून दुरुस्तही करता येतो. एकाच बटणाने दाब (शॉक आत जाताना) आणि उसळी (बाहेर येताना) दोन्हीचा विरोध एकत्र बदलतो, हे मला तितकंसं रुचत नाही.

बिलस्टीन. जर्मन, वायूभारित मोनोट्यूब. मियाटाच्या स्पोर्ट प्रकारांत कंपनीतूनच बिलस्टीन येत असत. समायोजन काहीच नाही, पण डॅम्पर म्हणून उत्तम.

कोनी स्पोर्ट, म्हणजे पिवळा कोनी, आणि त्यावर ग्राउंड कंट्रोल कंपनीच्या आटे पाडलेल्या नळ्या. कोनी डच कंपनी, १८५७ मध्ये घोड्यांच्या साजापासून सुरुवात केलेली. फक्त उसळीचा विरोध बदलता येतो, तोही वरच्या बटणाने. दाबाचा विरोध कारखान्यात ठरलेला आणि मवाळ. सगळं मिळून बाराशेच्या आसपास.

शिवाय इंटरनेटवर चारशे डॉलरला चारही कोपरे देणारे बिननावाचे संच आहेत. त्यांचा आलेख नाही, स्प्रिंगचा भरवसा नाही, सुटे भाग नाहीत. चाक रस्त्यावर टिकवून ठेवणारी वस्तू आहे ही. इथे चारशे वाचवायचे नाहीत.

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

एका मित्राच्या मियाटात बसून आलो. माझ्यासारखीच दुसऱ्या पिढीची, त्यात पुढे १० आणि मागे ८ किलोच्या स्प्रिंगा (म्हणजे एक मिलिमीटर दाबायला तितके किलो वजन). किटचं नाव लिहीत नाही, कारण दोष बहुधा किटचा नाहीच. ते ट्रॅकसाठी बनवलंय आणि हा रस्त्यावर चालवतोय. गुळगुळीत डांबरावर गाडी अप्रतिम. कललीच नाही, स्टिअरिंग फिरवताक्षणी नाक आत. मग आम्ही एट माइल रोडला लागलो. दुसऱ्या मिनिटाला डॅशबोर्ड खडखडायला लागला आणि वळणावर मागचं चाक हवेत सुटून पुन्हा टेकल्याचं सीटला कळलं.

मिशिगनचे रस्ते असे का, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. भेगेत पाणी शिरतं, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं, स्लॅब उचलतं, वितळल्यावर खाली पोकळी राहते, आणि हे एका हिवाळ्यात कितीतरी वेळा घडतं. त्यात या राज्यात अकरा आसांच्या ट्रकला १,६४,००० पौंडांपर्यंत परवानगी आहे. इथल्या रस्त्याला चिकटून राहायचं तर चाकाला वर-खाली फिरायची मुभा हवी. जे टायर हवेत आहे त्याला पकड शून्य.

२५ नोव्हेंबर २०२३, शनिवार

पहिलं बर्फ पडलं. रस्त्यावर मीठ टाकायच्या आत गाडी गॅरेजमध्ये, बॅटरीला चार्जर, टायरमध्ये हवा जास्त. आता वेळच वेळ आहे, म्हणून गणित.

स्प्रिंगची ताकद जशीच्या तशी चाकाला मिळत नाही. स्प्रिंग विशबोनच्या हाताच्या मधे कुठेतरी बसते, म्हणून चाक १० मिलिमीटर वर गेलं तर पुढचा शॉक साधारण ७ च मिलिमीटर दबतो. मागे हे प्रमाण ०.७९ च्या आसपास. चाकाला जाणवणारी ताकद काढायला या प्रमाणाचा वर्ग करून गुणायचं: पुढे ०.४९, मागे ०.६२. हेच विसरून लोक एका गाडीचे आकडे दुसऱ्या गाडीला लावतात. स्ट्रट असलेल्या (शॉक थेट चाकाच्या हबला जोडलेल्या) गाडीत हे प्रमाण १ च्या जवळ असतं, त्यामुळे तिथली ७ किलोची स्प्रिंग आणि मियाटातली ७ किलोची स्प्रिंग यांचा काही संबंध नाही.

खरी तुलना करायची ती गाडीच्या अंगाच्या नैसर्गिक कंपनसंख्येने. घरगुती मोटारी साधारण १ ते १.३ हर्ट्झ, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीडच्या पुढे, शर्यतीच्या गाड्या २ च्या वर. एका कोपऱ्यावर स्प्रिंगने तोललेलं वजन मी २५० किलो धरलं.

मित्राची गाडी, पुढे १० मागे ८: दोन्हीकडे २.२ हर्ट्झ. म्हणून तो खडखडाट.
पुढे ७, मागे ५: पुढे १.८५, मागे १.७५. गुळगुळीत रस्त्यांच्या प्रदेशात चालेल.
पुढे इंचाला ३०० पौंड, मागे २२५, म्हणजे किलोत ५.४ आणि ४: पुढे १.६, मागे १.५७.

शेवटची जोडी मनात भरली. कंपनीपेक्षा स्पष्ट कडक, पण पाठीला सोसेल अशी.

पुढचं-मागचं नातंही बघायला हवं. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये कॅडिलॅकला, म्हणजे इथेच डेट्रॉइटला, आला. त्याने दाखवून दिलं की मागची कंपनसंख्या पुढच्याहून किंचित जास्त ठेवली तर गाडी उंचवट्यावरून डोलत नाही, सपाट जाते. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचं उशिरा हलायला लागतं; ते जरा चपळ असेल तर पुढच्याला गाठतं आणि दोघं एकत्र थांबतात. मियाटाचा व्हीलबेस इतका आखूड की ताशी ७० मैलांना हा उशीर जेमतेम ०.०७ सेकंद. तेव्हा दोन्ही आकडे जवळ असले तरी भागतं. मागे आणखी कडक केलं तर वळणात शेपूट लवकर सुटेल, आणि ओल्या रस्त्यावर मला ते नको. २२५ कायम.

१६ डिसेंबर २०२३, शनिवार

स्टुटगार्टच्या मावसभावाशी बोलणं झालं. त्याच्याकडे कागदपत्रांशिवाय सस्पेन्शन बदलता येत नाही; किटसोबत मंजुरीचा दाखला हवा आणि बसवल्यावर टीयूव्ही या तपासणी संस्थेकडून तपासून नोंद करून घ्यावी लागते. मिशिगनमध्ये मोटारींची वार्षिक तपासणी नसते. काहीही बसवा, कुणी विचारत नाही. म्हणजे जबाबदारी पूर्ण आपली.

तो म्हणाला, "दादा, तू स्प्रिंग ठरवलीस, पण चाल किती उरते ते मोजलंस का?" बरोबर प्रश्न. मऊ स्प्रिंग उभ्या गाडीच्या वजनानेच जास्त दबते. पुढची ३०० ची स्प्रिंग उभ्या गाडीत ६७ मिलिमीटर दबेल, मागची ७९. चाक पूर्ण लटकलं तरी स्प्रिंग आसनात धरलेली राहायला हवी, नाहीतर ती सैल पडून खडखड करेल. पुढे शॉक खाली साधारण ५५ उघडतो. ६७ मधून ५५ वजा, १२ मिलिमीटर दाब शिल्लक. मागेही शिल्लक राहते. मदतनीस स्प्रिंग लागणार नाही.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

ठरलं. पिवळे कोनी, ग्राउंड कंट्रोलच्या नळ्या, आयबाख कंपनीच्या स्प्रिंगा ३०० आणि २२५. सोबत ३६ मिलिमीटरचे आखूड बंप स्टॉप, वरचे नवे रबर आणि धुळीची कव्हरं.

टेन आणि कोनी यांच्यात बरेच दिवस मन झुलत होतं. टेन स्वस्त, वरच्या माउंटसकट येतो, नटबोल्ट लावले की झालं. ज्याला स्प्रिंग निवडायच्या भानगडीत पडायचं नाही त्याला मी आजही टेनच सांगेन. कोनीकडे वळलो ते दोन कारणांनी. दाबाचा विरोध मवाळ राहतो, म्हणजे जोडांवरचा दणका कमी. आणि स्प्रिंग माझ्या हिशोबाची लावता येते. अमेरिकेत पहिल्या खरेदीदाराला कोनी शॉकची आजीवन वॉरंटी देते, ही वरकड.

बायकोने यादी वाचून एकच विचारलं, "अरे, एवढं करून गाडी खाली जाणार की वर?"

"वर. दोन सेंटिमीटर वर."

"मग कर."

१६ मार्च २०२४, शनिवार

सामान आलं. नळीच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावून आसनाची कडी वर-खाली फिरवून बघितली. मीठ आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही, दोन हिवाळ्यांनी कडी जागची हलत नाही. बसवायच्या आधी कोनीची दांडी उभी धरून काही वेळा पूर्ण दाबून-उघडली, म्हणजे आडवं पडून आत शिरलेली हवा निघून जाते. ट्विन-ट्यूबला हे करावंच लागतं.

खालच्या हातांच्या बोल्टांवर आजपासून रोज रात्री भेदक तेल फवारतोय.

६ एप्रिल २०२४, शनिवार

मागची बाजू. डिकीतलं कार्पेट आणि पेट्रोलच्या नळीवरचं कव्हर काढलं की शॉकचे वरचे नट दिसतात. ते सुटले. खालचा बोल्टही ब्रेकर बारला लांब पाइप लावल्यावर कुरकुरत सुटला. अडलं ते अलाइनमेंटच्या कॅम बोल्टवर (फिरवला की हाताची जागा सरकवणारा बोल्ट). मियाटात असे आठ बोल्ट असतात, खालच्या प्रत्येक हाताला दोन. ते फिरले तरच कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) लावता येतो. मागच्या उजवीकडचा एक बोल्ट बुशच्या (हाताच्या सांध्यातल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीशी गंजून एकजीव झाला होता. नट सुटला, पण पान्ह्याने बोल्ट फिरवला की सगळं रबर पीळ खात मागे येई. हाताला ते ताणलेलं रबर जाणवतं आणि बोल्ट सोडला की पान्हा उलट झटका देतो.

उष्णता द्यायची नव्हती, पेट्रोलची टाकी जवळ आहे. तेल, हातोडीचे हलके ठोके, पुन्हा तेल, थोडा पुढे थोडा मागे. संध्याकाळी कधीतरी "टक" असा कोरडा आवाज आला आणि बोल्ट नळीत फिरला. पूर्ण बाहेर काढला, तारेच्या ब्रशने घासला, ग्रीस भरून परत लावला. बाकीच्या सातांनाही हीच सेवा. या भागात जो कुणी सस्पेन्शनला हात घालेल त्याने किट मागवण्याआधी हे आठ बोल्ट फिरवून बघावेत. अलाइनमेंट होणार नसेल तर सगळ्यात महाग कॉइलओव्हरही वाया.

७ एप्रिल २०२४, रविवार

पुढची बाजू लवकर झाली. वरच्या हाताचा लांब बोल्ट काढून हात मोकळा केला, हब खाली दाबला, शॉक बाहेर. जुना बंप स्टॉप हातात घेतला तर बोटाने चुरा झाला. जुन्या शॉकची दांडी दाबली ती तशीच आत राहिली, वर आलीच नाही.

९ एप्रिल २०२४, मंगळवार. पाडवा

काल दुसऱ्या गाडीने टोलेडोला खग्रास ग्रहण बघून आलो. येताना आय-७५ वर तासन्‌तास रांग. आज पाडव्याच्या मुहूर्तावर मियाटा स्टँडवरून खाली घेतली. गुढी दारात, गाडीला हार.

हातांचे बोल्ट अजून पूर्ण आवळले नव्हते, ते मुद्दामच. या बुशांचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर, गाडी आपल्या उंचीवर, आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क रेंचने एकेक बोल्ट. कंटाळवाणं काम, पण सुट्टी नाही.

१३ एप्रिल २०२४, शनिवार

उंची लावली. चालकाच्या सीटवर माझ्या वजनाइतक्या मिठाच्या गोण्या (हिवाळ्यातल्या उरलेल्या). पुढे ३३० मिलिमीटर, मागे ३३५. आधीपेक्षा चाकावर दोन सेंटिमीटर वर, म्हणजे पुढच्या शॉकवर १४ मिलिमीटर. आखूड बंप स्टॉप आणि कोनीचं अंग धरून आता मोकळी जागा ४५ मिलिमीटरच्या आसपास. ८ वरून ४५. सगळ्या खर्चाचं सार्थक या एका आकड्यात आहे.

एक समज खोडायला हवा. खालची कडी वर फिरवली की स्प्रिंग "कडक" होते असं बरेच जण मानतात. सरळ स्प्रिंगची ताकद आहे तीच राहते, गाडी वर उचलली जाते इतकंच. कोनीसारख्या ठराविक लांबीच्या शॉकमध्ये गाडी खाली घेतली की चाल गेलीच. म्हणून ज्याला गाडी खूप बसकी हवी त्याने खालून उंची बदलणारा प्रकार घ्यावा.

हेडलाइटही पुन्हा लावल्या. गाडीची उंची बदलली की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि हे फार थोडे लोक बघतात.

२० एप्रिल २०२४, शनिवार

अलाइनमेंट. पहिल्या दुकानात मशीनवर सगळे आकडे हिरवे आले की काम संपलं असं सांगितलं. हिरवा पट्टा इतका रुंद असतो की डावी-उजवी बाजू वेगवेगळी असूनही हिरवीच दिसते. तिथून निघून दुसरीकडे गेलो. तिथल्या माणसाने माझा कागद वाचला आणि तेच लावलं: पुढे कॅम्बर उणे १.२ अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) ५, टो शून्य; मागे कॅम्बर उणे १.६, आणि मागच्या चाकांना किंचित टो-इन (तोंड आत), सरळ रस्त्यावर गाडी शांत राहावी म्हणून. कॅम बोल्ट लोण्यासारखे फिरले.

११ मे २०२४, शनिवार

कोनीचं बटण पूर्ण मऊपासून सुरू केलं. मऊ असताना आय-२७५ वर गाडी जोडानंतर एकदा जास्तीची उसळते. अर्धा फेरा घट्ट केल्यावर एका उसळीत बसली. उत्सुकतेपोटी दीड फेऱ्यापर्यंत नेऊन बघितलं: हाइन्स ड्राइव्हवर ओळीने खड्डे लागले की गाडी हळूहळू खाली बसत जाते, कारण चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही आणि शेवटच्या खड्ड्याला पुन्हा बंप स्टॉप. झिप-टायनेही तेच सांगितलं. उसळीचा विरोध वाढवत नेला की गाडी "स्पोर्टी" वाटते, पण पकड कमी होत जाते. पुढे पाऊण फेरा, मागे अर्धा, इथे थांबलो.

एट माइलवर आता डॅशबोर्ड गप्प असतो. वळणात खड्डा आला की आवाज येतो, धक्का येतो, पण गाडीची रेघ बदलत नाही.

२२ जून २०२४, शनिवार. क्रॉस व्हिलेज

हार्बर स्प्रिंग्जहून एम-११९ ने वर आलो. दोन्ही बाजूंनी झाडांची कमान, मधे आखणीसुद्धा नसलेला अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं आणि मुळांनी उचललेलं डांबर. या रस्त्यावर वेग लागत नाही, लय लागते. स्टिअरिंगमध्ये प्रत्येक उंचवटा कळत होता आणि तरी हात हलत नव्हते. मला या गाडीकडून हेच हवं होतं.

गावात पोहोचल्यावर बायको उतरली, कंबर ताणून बघितली आणि म्हणाली, "परत जाताना थोडा वेळ मी चालवते." घेतल्यापासून तिने ही गाडी चालवायला मागितली नव्हती.

टाय तपासले: पुढे दोन्हीकडे स्टॉपच्या अलीकडे १० मिलिमीटर. मागच्या उजवीकडे स्टॉपला हलका स्पर्श. दोघं बसलेले आणि डिकी भरलेली, त्यामुळे चालण्यासारखं आहे. तरी घरी गेल्यावर मागची कडी दोन्हीकडे अडीच फेरे वर घेणार आणि हेडलाइट पुन्हा बघणार. मागच्या उजव्या बुशला गंजामुळे बारीक चीर दिसते आहे, पुढच्या हिवाळ्यात बुशचा पूर्ण संच. शरद ऋतूत गाडी आत घेताना नळीचे आटे धुऊन पुन्हा अँटी-सीझ.